उंच इमारतीतलं राहणं: सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली नऊ वर्षं मी आमच्या इमारतीचा सेक्रेटरी आहे. खाली पार्किंग, वर पाच मजले, वीस फ्लॅट. सुरुवातीला शेजारीपाजारीच प्रश्न विचारायचे. आता गावभागातला वाडा सोडून फ्लॅट बघणारे, तासगाव-कवठेमहांकाळहून आईवडिलांना आणू पाहणारे, पुण्यात विसाव्या मजल्यावर मुलगा असलेले, सगळेच विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती पुढे सारखी येणार आहे. इमारत कितीही उंच असली तरी तिचा जीव तळाशी असतो. मीटर, मोटर, जमिनीखालची टाकी, ड्रेनेजचे चेंबर, लिफ्टचा खड्डा, सगळं खाली. आणि ते सगळं सामाईक. फ्लॅट घेताना आपण टाइल्स आणि मॉड्युलर किचन बघतो, खाली कुणी वाकून बघत नाही.

पूर आला तरी वरच्या मजल्यावरचे सुरक्षित असतात ना?

जिवानिशी वाचतात, हे खरं. पण त्याला सुरक्षित म्हणायला मी तयार नाही.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा ५४ च्या पुढे. आमची इमारत कोल्हापूर रोडच्या बाजूला आहे. २०१९ ला पार्किंगमध्ये पाणी शिरलं तेव्हा आम्ही सगळे गॅलरीतून बघत होतो आणि "आपण वर आहोत" असं एकमेकांना सांगत होतो. दोन तासांत मीटर बोर्ड पाण्याखाली गेला आणि वीज तोडावी लागली. मोटर बुडाली, त्यामुळे गच्चीवरच्या टाकीत जेवढं होतं तेवढंच पाणी उरलं. वीस घरांना ते दीड दिवस पुरलं. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी मिसळलं होतं. लिफ्ट तळाशीच उभी राहिली होती, तिची केबिन भिजून वाया गेली.

मग आठवडाभर आम्ही गच्चीवर पातेली, बादल्या, पिंपं मांडून पावसाचं पाणी धरलं. चौथ्या मजल्यावरच्या काकूंचं इन्सुलिन फ्रिज बंद पडल्यावर ठेवायचं कुठे, हा मोठाच प्रश्न झाला. शेवटी इन्सुलिनच्या कुप्या प्लास्टिकच्या डबीत, डबी मातीच्या माठात आणि माठाला ओलं फडकं असं करून ते टिकवलं. दर तीन तासांनी फडकं ओलं करायला त्यांची नात बसायची. बोट आली ती जिन्याच्या पहिल्या वळणापाशी लागली. वरच्या मजल्यावर असून काकूंना खाली पाण्यातच उतरावं लागलं.

म्हणून आता पाणी ४० फुटांकडे सरकू लागलं की आम्ही चार कामं करतो. लिफ्ट सर्वांत वरच्या मजल्यावर नेऊन तिचा मेन स्विच बंद करायचा. गच्चीची टाकी काठोकाठ भरून घ्यायची. मोटर खोलून वर आणायची. आणि ज्यांना औषधं, ऑक्सिजन किंवा डायलिसिस लागतं त्यांना रस्ता कोरडा असतानाच नातेवाइकांकडे पाठवायचं. चौथ्या कामाला घरचे नेहमी "बघू उद्या" म्हणतात. त्यांचं ऐकू नका.

मग सांगलीत फ्लॅट बघताना पुराच्या दृष्टीनं काय तपासायचं?

जागा निळ्या आणि लाल पूररेषेच्या कुठल्या बाजूला येते ते. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. निळी ते लाल यांच्यामध्ये बांधकामाला परवानगी मिळू शकते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच हवं. पूररेषेचा नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागात बघता येतो. "या भागात कधीच पाणी येत नाही" या बिल्डरच्या वाक्यावर थांबू नका. समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो: इथपर्यंत २००५, इथपर्यंत २०१९.

त्यानंतर खाली उतरून बघा. मीटर रूम किती उंचीवर आहे? जनरेटर असेल तर तो कुठे बसवलाय? जमिनीखालच्या टाकीचं झाकण जमिनीला टेकलेलं आहे की दोन-अडीच फूट उचललेलं? ड्रेनेजला उलटं पाणी येऊ न देणारा व्हॉल्व्ह आहे का? नसेल तर बाहेरचं पाणी चढल्यावर तळमजल्याच्या संडासातून घाण वर येते. हे आमच्या भागात एका घरात झालं. ती बाई आठवडाभर जेवू शकली नव्हती.

खाली मोकळं पार्किंग आणि वर घरं. पुराला बरं, पण भूकंपाला?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. तीव्रता साडेसहाच्या आसपास. कोयनानगर भूकंपाच्या चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या क्षेत्रात येतं आणि ते आपल्यापासून लांब नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, फडताळातली भांडी कशी वाजली ते अजून सांगतात. तेव्हा सांगलीत पाच-सात मजली इमारती नव्हत्या, आता आहेत.

तळाला नुसते खांब आणि वरच्या प्रत्येक मजल्यावर विटांच्या भिंती असल्या की तळमजला बाकीच्यांपेक्षा कितीतरी लवचीक राहतो. जमीन हलली की सगळी ओढाताण त्या खांबांवर येते. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादमध्ये अशाच मोकळ्या तळाच्या इमारती कोसळल्या. म्हणजे नदी सांगते तळ मोकळा ठेवा आणि जमीन सांगते तळ भक्कम ठेवा. दोन्ही एकाच वेळी साधतं. तळाचे खांब जास्त ताकदीचे करायचे, लिफ्टभोवती आणि काही ठिकाणी पायापासून वरपर्यंत आरसीसी भिंती घ्यायच्या. ते डिझाइनमध्येच असावं लागतं. बुकिंगच्या आधी विचारा: स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण, आणि मोकळ्या तळाचा हिशेब त्यांनी धरलाय का? लेखी मागा.

इमारत आधीच बांधलेली असेल तर एक करा: पार्किंगमधला खांब कुणालाही तासू देऊ नका. आमच्याकडे एकांनी गाडी नीट लागावी म्हणून खांबाचा कोपरा छिन्नीनं उडवला होता, आतली सळी दिसत होती. तो दुरुस्त करून घ्यायला आम्हाला सहा महिने भांडावं लागलं.

काळ्या मातीवर उंच इमारत टिकते का?

टिकते, पाया त्या मातीला धरून केला असेल तर. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शामरावनगरसारख्या सखल भागात तर पाणीही साचून राहतं. मातीची तपासणी केल्याचा अहवाल मागा. बिल्डर तो दाखवायला टाळाटाळ करत असेल तर दुसरी इमारत बघा.

नळाला पाणी येतं, पण घरात येत नाही. असं का?

महापालिकेचं पाणी जमिनीखालच्या टाकीपर्यंत येतं. पुढचा प्रवास आपल्या मोटरवर. पाणी दहा मीटर वर चढवायला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब लागतो, म्हणजे दर तीन मजल्यांना एक किलो धरा. त्यात मोटर जुनी, फूटव्हॉल्व्ह गळका आणि वीज गेलेली असली की वरचे कोरडे. गंमत वाटेल, पण सगळ्यात वरच्या मजल्यावरच पाण्याचा जोर सर्वांत कमी असतो, कारण टाकी त्यांच्या डोक्यावर जेमतेम सात-आठ फूट असते. त्यांनी शॉवरची तक्रार केली तर त्यांना नाटकी ठरवू नका. गच्चीवर छोटा प्रेशर पंप बसवला की हा त्रास संपतो.

टाक्या सहा महिन्यांनी धुवायच्याच. पुरानंतर तर आधी पूर्ण उपसून, घासून, मग टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून.

आणि परस्पर गच्चीवर स्वतःची टाकी चढवू नका. हजार लिटर म्हणजे एक टन वजन. स्लॅबच्या हिशेबात ते धरलेलं नसतं.

तळमजल्यावाल्यांनी लिफ्टचे पैसे का द्यायचे?

सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर आदर्श उपविधी, म्हणजे सहकार खात्याची नमुना नियमावली, सांगते की लिफ्टचा देखभाल-दुरुस्तीचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी समान वाटून घ्यायचा, लिफ्ट वापरोत न वापरोत. सेवाशुल्कही समान, फ्लॅट वन बीएचके असो की थ्री.

सांगलीत मात्र बऱ्याच इमारती सोसायटी नसतात. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली डिक्लेरेशन डीड, म्हणजे कुणाचा हिस्सा किती हे सांगणारा नोंदणीकृत दस्त, झालेलं असतं. तिथे खर्च सामाईक जागेतल्या प्रत्येकाच्या अविभक्त हिश्शाच्या टक्क्यानं पडतो. भांडायच्या आधी आपली इमारत कुठल्या प्रकारची ते कागद काढून बघा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

लिफ्ट आहे म्हणून वरचा मजला घेतला. घरात आजारी माणूस आहे, चालेल ना?

लिफ्टच्या आत टेप लावून खोली मोजा. स्ट्रेचर सहा फुटांच्या पुढेच असतं. चार-सहा माणसांच्या लिफ्टमध्ये ते आडवं मावत नाही.

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना रात्री अडीचला छातीत कळ आली. १०८ ची गाडी वेळेत आली, माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली आणि लिफ्टच्या दारात थांबली. शेवटी आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, उपरण्यानं बांधून चौघांनी जिन्यानं उतरवलं. प्रत्येक वळणावर कुणाचा तरी चपलांचा स्टँड, कुणाची सायकल. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडकली तेव्हा मी पायानं एक कुंडी ढकलून फोडली. आजोबा वाचले. सकाळी मी एकेका दारात जाऊन स्टँड आत घ्यायला लावले, तेव्हा कुणी एक शब्द बोललं नाही.

आता वॉचमनच्या खोलीत कापडी घडीचं स्ट्रेचर ठेवलंय, आणि लिफ्टला वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी यंत्रणा बसवली आहे. हिला एआरडी म्हणतात. नवी इमारत घेताना ती आहे का विचारा. लिफ्टची तपासणी विद्युत निरीक्षकांकडून झाल्याचा कागदही बघायला मागा.

आईवडिलांना गावाहून आणलं, पण ते फ्लॅटमध्ये रमत नाहीत.

त्यांचं अंगण गेलं आहे. ज्या माणसानं साठ वर्षं दार उघडं ठेवून दिवस काढला त्याला आपण लॅच लावलेल्या दारामागे बसवतो आणि "टीव्ही बघा" म्हणतो. लिफ्टचं बटण दाबायची भीती, दारावरच्या बेलची भीती, खाली गेलो आणि आपला मजला विसरलो तर याची भीती. ते हे बोलून दाखवत नाहीत, नुसतं "गावाकडं जाऊन येतो" म्हणतात.

आम्ही पार्किंगच्या एका कोपऱ्यात दोन बाकडी टाकली. एवढंच केलं. आता रोज संध्याकाळी पाच-सहा म्हातारी माणसं तिथे असतात, भाजी निवडतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुठं निघालास रे?" विचारतात. बाकड्यांमुळे एका गाडीची जागा गेली म्हणून वाद झाला होता. तो वाद मी पुन्हा घालायला तयार आहे. शक्य असेल तर त्यांच्यासाठी पहिला-दुसरा मजला घ्या, आणि लिफ्टमध्ये त्यांच्या मजल्याच्या बटणाशेजारी लाल टिकली चिकटवा.

वरच्यांच्या बाथरूममधून आमच्या छताला ओल येते. खर्च कुणाचा?

पाऊस गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येत असेल, किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून गळती असेल, तर खर्च सोसायटीचा. एका फ्लॅटमधून दुसऱ्यात येत असेल तर तो त्या दोन घरांचा विषय. तो सगळ्यांच्या माथी मारता येत नाही.

कारण शोधायची सोपी रीत आहे. वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी एक दिवस भरून ठेवा. खाली ओल वाढली तर कोबा किंवा ट्रॅपचा सांधा गेलाय. ओल तशीच राहिली तर भिंतीतला पाइप तपासा. हे करायच्या आधी छताला पुट्टी आणि रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. आणि वरच्या घरी जाताना एकटे जा, साक्षीदार घेऊन जाऊ नका. एकट्यानं गेल्यावर लोक ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

मेंटेनन्स किती असावा? आमच्याकडे पाचशे रुपये आहे आणि तेही काही जण देत नाहीत.

पाचशेत वॉचमन, लाइट बिल आणि सफाई निघत असेल. इमारत म्हातारी होते आहे त्याचं काय?

आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी साठवायची रक्कम) वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. जमिनीची किंमत यात धरायची नाही. फ्लॅटचा बांधकाम खर्च २० लाख असेल तर वर्षाला ५,००० आणि १५,००० रुपये, म्हणजे महिन्याला सोळाशेच्या वर, रोजचा खर्च वेगळाच. आकडा ऐकला की सभेत गलका होतो. पण इमारत १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांची झाली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, आणि त्यात निघालेली कामं फुकट होत नाहीत. निधी नसला की घरटी एकदम लाखभर मागावे लागतात. तेव्हा पेन्शनवर जगणारं घर मोडून पडतं. माझ्यासमोर एका निवृत्त शिक्षिकेनं त्यासाठी बांगड्या मोडल्या. तेव्हापासून मी या मुद्द्यावर नमतं घेत नाही.

थकबाकीवर सोसायटी वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के व्याज लावू शकते आणि सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुलीचा दाखलाही मिळवू शकते. पाणी तोडणं, लिफ्ट बंद करणं असले उद्योग करू नका.

आगीची भीती किती खरी?

खरी आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये जून २०१७ मध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रिजपासून आग लागली. २४ मजल्यांची इमारत, बाहेरून जळणारं आवरण, जिना एकच. ७२ माणसं गेली. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींनाही जिना एकच असतो.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार ज्या इमारतींत अग्निशमन यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांनी परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, 'फॉर्म बी', म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यायचा असतो. तुमच्या सेक्रेटरींना तो मागा. मग स्वतः जाऊन लाल पेटी उघडा. आत होज पाइप आहे का? नोझल आहे का? पितळी नोझल भंगारात जातात. गच्चीच्या दाराला कुलूप असेल तर किल्ली कुठे आहे हे प्रत्येक घराला माहीत हवं. आग लागली तर लिफ्ट वापरायची नाही, हे लहान मुलांकडून पाठ करून घ्या. आणि ई-स्कूटरची वायर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडून चार्जिंग करणं आजच बंद करा.

बिल्डर फोन उचलत नाही, एका पावसात भिंतींना तडे गेले. काही करता येतं?

रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखाली ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरनं तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. फोनवर न सांगता लेखी कळवा, फोटो तारखेसह जोडा. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठ फ्लॅटपर्यंतचे प्रकल्प नोंदणीतून सुटतात, आणि आपल्याकडे अशा छोट्या इमारती पुष्कळ आहेत. म्हणून नोंदणी क्रमांक आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ मालकाचं नाव असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मालकाच्या सहीवाचून जमीन इमारतीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज करता येतो. इमारत पाडून नवी बांधायची वेळ येते तेव्हा या एका कागदावाचून सगळं अडतं.

शहरात गर्दी इतकी वाढली, मग उंच इमारतींशिवाय पर्याय आहे का?

उंचीला माझा विरोध नाही. एका वाड्यात दोन कुटुंबं होती, तिथे आता चोवीस राहतात. गल्ली तेवढीच. गल्लीखालचा ड्रेनेजचा पाइप तोच. गाड्या मात्र दोनच्या तीस झाल्या. पुण्यात वाघोलीकडे बघा, वीस-बावीस मजल्यांचे टॉवर उभे आहेत आणि खाली टँकरची रांग. तिथे राहणाऱ्या मुलांना त्यांच्या आईवडिलांनी एक प्रश्न जरूर विचारावा: टँकर आला नाही तर टाकीत किती तासांचं पाणी असतं? सांगलीत नवी उंच इमारत मंजूर होते तेव्हा त्या रस्त्याची रुंदी, पाणी आणि गटार यांचा हिशेब नगरसेवकाला विचारायचा हक्क आपल्याला आहे. इमारत भरल्यावर विचारून काही होत नाही.

गच्चीवर पत्र्याचं शेड घालू का?

महापालिकेच्या परवानगीशिवाय नको. गच्ची सगळ्यांची आहे. उन्हाळ्यात तिथे पापड-कुरडयांचं वाळवण पडतं, पुरात तीच आमची पाण्याची विहीर झाली होती.

आमची मीटर रूम खाली आहे. आता वर नेता येईल का?

येते. आम्ही नेली. आधी सर्वसाधारण सभेचा ठराव, मग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून आराखडा, मग महावितरणकडे अर्ज. मीटरला हात त्यांचीच माणसं लावतात. जिन्याच्या पहिल्या टप्प्यावर, २०१९ च्या खुणेपेक्षा तीन फूट वर जागा काढली. अर्जापासून चालू होईपर्यंत पाच महिने लागले, म्हणून दिवाळीनंतर लगेच सुरुवात करा. पावसाळ्याच्या तोंडावर ठेकेदार मिळत नाहीत.